दोन घोट

आबा खाली कोसळले तेव्हा आवाजबाईच्या हेडफोनमध्ये टाळी वाजली. एकच, पण खणखणीत. काचेपलीकडे बसलेल्या कप्तानाने ती वाजवली होती. पुढे त्याने कितीदा तरी सांगितलं की ती टाळी नव्हतीच, हातातली वही टेबलावर पडली. पण बावीस वर्षं जिने आवाज काढून पोट भरलं तिला टाळी कुठली आणि वही कुठली हे काय कुणी शिकवायचं होतं?

त्या टाळीची तिला शिसारी आली. आणि पाठोपाठ स्वतःचीही आली, कारण तिच्या उजव्या हातात पाण्याचा जग होता, डाव्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता, आणि आबा तिच्यापासून दोन हातांवर पडले होते.

ही नाटक कंपनी म्हणजे सगळी मिळून पाच माणसं. नभोनाट्यं बसवायची, रेकॉर्ड करायची आणि रविवारी दुपारी एका लहानशा रेडिओ केंद्रावरून ऐकवायची, हा त्यांचा उद्योग. कप्तान म्हणजे दिग्दर्शक. तो जन्मात कधी होडीतही बसला नव्हता. पण दर बैठकीत "आपलं जहाज एक आहे, बुडालो तर सगळे बुडू" असं म्हणायचा, म्हणून ते नाव पडलं. त्याला वाटायचं ते आदराने पडलंय. त्याची धाकटी बहीण लेखिका; ती नाटकं लिहायची आणि त्यातल्या सोळापासून साठपर्यंतच्या सगळ्या बायका स्वतःच बोलायची. रेकॉर्डिस्ट दिवसाला दोनच वाक्यं बोलायचा, "जरा जवळ या" आणि "जरा लांब व्हा". आबांना आबा हे नाव बत्तिसाव्या वर्षीच मिळालं. आजोबांचं काम करणारा नट एके दिवशी उगवलाच नाही, यांनी घसा खरवडून चार वाक्यं म्हटली आणि जन्माचे म्हातारे झाले. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं वय कुठे त्यांच्या आवाजाला येऊन भिडलं होतं. पाचवी आवाजबाई. दार, पाऊल, भांडं, मारामारी, पळापळ, मरण, जे जे शब्दांत मावत नाही ते सगळं तिच्या टेबलावरून यायचं.

ते टेबल पाहून कुणालाही ओकारी यावी. हाड मोडायचं तर काकडी, गळा दाबायचा तर कोबीचा गड्डा, चिखलात पाय रुतायचे तर ओल्या फडक्यांची बादली. भाजी जितकी शिळी तितका आवाज ओला, म्हणून ती कोबी आठ-आठ दिवस ठेवून द्यायची. त्यात स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं मासळी साठवायचं शीतगृह. हातभर जाडीच्या भिंती, बाहेरचा एक हॉर्न आत येईल तर शपथ, म्हणून कप्तानाने ती जागा हौसेने घेतली. मासे जाऊन पंधरा वर्षं झाली, वास मात्र बिऱ्हाड करून राहिला होता. आवाजबाईने त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. तिला वाटायचं, इथे जी काय घाण आहे ती नाकापुरती आहे.

कंपनीचा एक तोरा होता. बाकीचे लोक वाक्य वाक्य तोडून रेकॉर्ड करतात आणि मग तुकडे जोडत बसतात. हे तसलं काही करायचे नाहीत. इथे नाटक एका दमात व्हायचं. लाल दिवा लागला की पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत थांबणं नाही. कागद पडला, शब्द चुकला, शिंक आली, तरी सावरून पुढे जायचं. अगदीच कुणाचं अडलं तर त्याने डावा हात वर करायचा, मग कप्तान दिवा बंद करणार. तोंडाने थांबा म्हणायचं नाही.

या नियमातून एक माणूस वगळलेला होता. आबा बोलताना दोन्ही हात हवेत नाचवायचे. रेडिओवर तुमचे हात कोण बघतंय, असं सगळे त्यांना चिडवायचे, आणि ते म्हणायचे की माझे हात बांधलेत तर जीभही बांधली जाईल. सुरुवातीला त्यांच्या हातवाऱ्यांपायी चार-पाच वेळा चांगलं चाललेलं रेकॉर्डिंग थांबलं. तेव्हा कप्तानाने हसत हसत फर्मान काढलं, की आबांचा हात वर गेला तर तिकडे बघायचंच नाही. सगळे हसले, आवाजबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. थट्टेतलं ते फर्मान हळूहळू नियम होऊन बसलं. आबांना खरंच काही झालं तर त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मग कुणालाच पडला नाही.

त्या दिवशीचं नाटक एका निवृत्त टपालमास्तराचं होतं. शेवटच्या पानावर तो अंथरुणाला खिळलेला असतो. सुनेकडे पाणी मागतो, ती पेला भरून देते, तो दोन घोट घेतो आणि मग आयुष्यभर दडवून ठेवलेल्या एका पत्राची गोष्ट सांगून डोळे मिटतो. आबांना सकाळपासून बरं नव्हतं. फाटकापासून दारापर्यंत येताना ते दोनदा थांबले. आवाजबाईने विचारलं तर म्हणाले, आज मरायचंच आहे, थोडी पूर्वतयारी नको का? ती हसली. या मंडळींचं हे असंच होतं, काही झालं की आधी हसून मोकळं व्हायचं.

वीस मिनिटं नाटक झकास चाललं. शेवटच्या पानावर आबा म्हणाले, "सूनबाई, पाणी." श्वास नुसता घरघरत होता. आवाजबाईच्या मनात आलं, काय घरघर काढलीय म्हाताऱ्याने. तिने जग उचलला. पाणी फार उंचावरून ओतलं तर नळ सोडल्यासारखं वाजतं, फार खालून ओतलं तर वाजतच नाही. वीतभर अंतर ठेवून, पेला किंचित कलता धरून, सावकाश ओतायचं असतं. ती सावकाश ओतू लागली. आबांचा डावा हात वर गेला. तिने तो पाहिला. "पाणी," आबा पुन्हा म्हणाले. संहितेत ते एकदाच होतं. हात तसाच वर, बोटं तिच्या दिशेने ताणलेली. "पाणी," तिसऱ्यांदा, आणि या वेळी शब्द अर्धाच बाहेर आला. तिने ओतायचा वेग आणखी कमी केला. आबा थांबलेत म्हणजे माझ्या पाण्याला जागा करून देतायत, असं तिला वाटलं, आणि त्याबद्दल तिला त्यांचं कौतुकही वाटलं.

पेला भरला आणि आबा मायक्रोफोनच्या दांड्याला धरत धरत खाली गेले. टाळी वाजली ती तेव्हा. लेखिका शेजारच्या मायक्रोफोनपुढे सुनेचं पान हातात धरून उभी होती, ती जागची हलली नाही. लाल दिवा चालूच होता. आणि आवाजबाईने काय केलं, तर हातातला भरलेला पेला लाकडी फळीवर ठेवला. ठक. संहितेत तसं होतं म्हणून ठेवला. मग ती, आबा आता तोंडाने दोन घोट वाजवतील म्हणून, वाट पाहत उभी राहिली.

ती पुढे धावली ती अकरा सेकंदांनी. हे सेकंद तिने मोजले नव्हते, ते नंतर रेकॉर्डिंगवरून कळले.

श्वास अडकला होता म्हणून हॉस्पिटलात आबांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जीव वाचला, आवाज मात्र परत येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, फक्त ओठ ओले करायचे. कप्तानाने डॉक्टरांना एका बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट विचारून घेतली, ती अशी की त्या वेळी पाणी मिळालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, पाण्याने काही फरक पडला नसता, उलट ठसका लागून त्रासच झाला असता. एवढं ऐकल्यावर कप्तानाचा चेहरा असा फुलला की जणू त्याच्याच पोराचा निकाल लागला. पुढचे आठ दिवस तो भेटेल त्याला हे वाक्य ऐकवत होता.

आबांच्या बायकोला सगळी कंपनी वहिनी म्हणायची. त्या हातातली पिशवीही खाली न ठेवता आबांना ठेवलेल्या खोलीबाहेर उभ्या होत्या. कप्तान त्यांच्याकडे गेला आणि घोगऱ्या, ओलसर आवाजात म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. बाई जवळच होत्या, त्यांनी ताबडतोब पाणी दिलं."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि आवाजबाईचे दोन्ही हात हातात घेतले. घट्ट दाबून धरले. आवाजबाईने तेव्हाच सांगायला हवं होतं. ती मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प राहिली, वरून मान हलवली. घरी गेल्यावर तिने हात साबणाने दोनदा धुतले. तिला स्वतःच्या या नाटकीपणाचाही राग आला, कारण हात धुणाऱ्या बायकांचे आवाज तिने कमी का काढले होते?

मंगळवारी कप्तानाने सगळ्यांना बोलावलं. तिला वाटलं आबांच्या औषधपाण्याबद्दल बोलणं असेल. रेकॉर्डिस्टने बटण दाबलं आणि शेवटचं पान ऐकू आलं. घरघर, तीनदा पाणी, ओतण्याचा आवाज, पडणं, ठक, आणि ती अकरा सेकंदांची शांतता. लेखिकेने गळा काढला. रडता रडता म्हणाली, मी माझं शेवटचं भाषण फाडून टाकते, ते पत्राचं वगैरे, त्याची गरजच नाही. या शांततेपुढे माझे शब्द काय?

स्वतःचा एक स्वल्पविराम काढला तरी आठ दिवस अबोला धरणारी ही बाई आज अख्खं पान उदार मनाने फाडत होती. आवाजबाई तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आपल्या कोबीला येतो तो वास यापेक्षा बरा.

कप्तानाने पुढे सांगितलं की हे रेकॉर्डिंग या रविवारीच लावायचं. हे आबांचं आजवरचं सर्वोत्तम काम आहे आणि ते दडवून ठेवणं म्हणजे आबांचाच अपमान. फक्त एक अडचण आहे. ती अडचण लेखिकेने डोळे पुसून मांडली. सून पाणी ओतते, पेला ठेवते, आणि म्हातारा मरतो. त्याने ते प्यायल्याचं कुठे ऐकूच येत नाही. लोकांना वाटेल सुनेने पाणी दिलंच नाही.

"बिचारी खलनायिका ठरेल," लेखिका म्हणाली. "तिचा काय दोष आहे?"

म्हणून दोन घोटांचा आवाज हवा होता. पडण्याचा आवाज काढून टाकायचा, ठकच्या पुढे दोन घोट घालायचे, मग शांतता. म्हणजे म्हातारा पाणी पिऊन, तृप्त होऊन गेला. एका दमात नाटक करणाऱ्या कंपनीचा तोरा असा एका मिनिटात गुंडाळून ठेवला गेला. रेकॉर्डिस्टने मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा न विचारता बोलला. "जोडता येईल," तो म्हणाला.

घोट अर्थात आवाजबाईने घ्यायचे होते.

"पाणी माझ्या हातात होतं," ती म्हणाली. "ते मागत होते आणि मी दिलं नाही. तुम्ही सगळे इथे होतात."

"बाई, तो नाटकाचा भाग नाही," कप्तान म्हणाला. अगदी समजुतीने म्हणाला. लहान मुलाला दुसऱ्याच्या घरात पाय पुसून ये सांगावं तसा.

ती ताडकन उठली आणि म्हणाली की हे रेकॉर्डिंग पुसून टाका, नाहीतर मी चालले. कप्तानाने डोळे मिटून जहाजाची आठवण काढली. मग त्याला वाटलं आपण मोठेपणा दाखवावा. आबांनी स्वतः नको म्हटलं तर मी माझ्या हाताने पुसतो, शब्द देतो, असं तो म्हणाला. आवाजबाईला हवं होतं तेच मिळालं. आबा नको म्हणणार, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. ती तशीच निघाली.

आबा खोलीत उशाला टेकून बसले होते. गळ्यात नळी, मांडीवर मुलांची असते तशी पाटी आणि खडू. वहिनी शेजारी बसून स्टीलच्या वाटीत कापसाचा बोळा बुडवून त्यांचे ओठ ओले करत होत्या. दर पाच-दहा मिनिटांनी करावं लागतं, नाहीतर ओठांना भेगा पडतात, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही आहात तोवर औषध घेऊन येते म्हणाल्या आणि गेल्या.

आवाजबाईने काही हातचं न राखता सगळं सांगितलं. टाळी सांगितली, ठक सांगितलं, घोट सांगितले. मग तिने जे विचारायला ती खरी आली होती ते विचारलं.

"आबा, तुम्ही खरंच पाणी मागत होतात ना?"

आबांनी पाटीवर लिहिलं, हो. बाहीने पुसलं. मग लिहिलं, हात पण केला.

"पाहिला मी," ती म्हणाली.

त्यांनी तेही पुसलं. तिला वाटलं आता ते पाटी फेकून मारतील, आणि मारली तर किती बरं होईल. मग त्यांनी लिहिलं, शांतता किती सेकंद?

ती म्हणाली, अकरा.

आबांच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत एक चमक आली, ती तिने ओळखली. प्रयोग रंगला की काचेकडे बघून ते तस्सेच बघायचे. त्यांनी भराभर लिहिलं, लावा.

तिला आपण काय वाचतोय ते कळेना. तिने विचारलं, तुम्हाला कळतंय ना ते लोक काय करतायत? आबांनी मान हलवली. पाटी पुसून लिहिलं, परत आवाज येणार नाही. हे शेवटचं. मग खाली बारीक अक्षरात, हिला आधी सांगू नको, लावू देणार नाही. आणि पाटीच्या कडेला जागा उरली होती तिथे, घोट तूच घे, कप्तानाला जमणार नाहीत.

वहिनींची पावलं वाजली आणि आबांनी सगळं पुसून टाकलं. आवाजबाई जिना उतरून रस्त्याला लागली. कप्तानाची किळस येणं सोपं होतं, लेखिकेची तर त्याहून सोपी. पण ज्याचा घसा गेला तोच माणूस आपल्या मरणाचे सेकंद मोजत होता, आणि त्याला नाव ठेवायला तिला तोंड नव्हतं. ती त्याच कारखान्यात बनली होती. पेला फळीवर ठेवणारा हात तिचाच होता.

गुरुवारी सकाळी तिने घोट दिले. कप्तान काचेपलीकडे बसून दिग्दर्शन करत होता. पहिला घोट त्याला फार घाईचा वाटला. दुसरा तरुण वाटला. म्हातारा आहे तो, घसा कोरडा आहे, जरा अडखळू दे, असं तो म्हणाला. घोट काढायच्या तिच्या नेहमीच्या युक्त्या होत्या, ओलं चामडं दाबायचं वगैरे, पण आज कप्तानाला अस्सल हवं होतं. ती पाणी पीत राहिली. जगातलं पाणी संपलं, दुसरा जग भरला. पाण्याला त्या खोलीचा वास लागला होता. इतक्या वर्षांत तिला त्या वासाने कधी काही केलं नव्हतं. आज प्रत्येक घोटाबरोबर अख्खी मासळी पोटात उतरतेय असं वाटत होतं. सातव्या पेल्याला लेखिका म्हणाली, छान, पण यात थोडी कृतज्ञता हवी. अकराव्या पेल्याला कप्तानाने अंगठा वर केला.

"हेच," तो म्हणाला. "यात समाधान आहे."

आवाजबाईने पेला खाली ठेवला आणि ओल्या फडक्यांच्या बादलीत भडभडून ओकली. सगळं पाणी बाहेर आलं. तोंड पुसून तिने मान वर केली तेव्हा लाल दिवा अजून चालू होता. रेकॉर्डिस्टने बोटाने तिला थांबायची खूण केली, मीटरच्या सुईकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "हे ठेवू का? पुढे कधी लागेल."

ती बादली उचलून बाहेर गेली. त्याने ठेवलं असणार. तिनेही ठेवलं असतं, परवा परवापर्यंत.

रविवारी दुपारी ती आबांच्या खोलीत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर वहिनींनी घरून आणलेला छोटा रेडिओ ठेवला होता. आबांची दाढी केलेली होती, अंगात इस्त्रीचा सदरा होता. नाटक सुरू झालं तसे त्यांचे हात चादरीवर हलू लागले. जिथे जिथे वाक्य होतं तिथे तिथे हात वर जायचा. वहिनी त्यांच्याकडे बघून हसत होत्या आणि मधूनच वाटीत कापूस बुडवून ओठांवरून फिरवत होत्या.

शेवटचं पान आलं. घरघर आली तसं वहिनींनी कापूस हातातच धरून ठेवला. पाणी, पाणी, पाणी. मग ओतण्याचा आवाज, संथ, गोड, वीतभर अंतरावरून. ठक. आणि दोन घोट. पहिला जरा अडखळता, दुसरा समाधानाचा. आबांच्या गळ्यातली नळी किंचित हलली. मग अकरा सेकंद खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि निवेदिकेने नावं सांगायला सुरुवात केली.

वहिनींनी डोळे टिपले. "कसे समाधानाने प्यायले हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात म्हणून."

आबांनी आवाजबाईकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली, नको अशी. त्यांचं काम झालं होतं, आता उगाच कशाला, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आता मान हलवून गप्प बसलं की ते दोन घोट कायमचे खरे होणार होते, आणि आज ते तिच्या घशाखाली उतरेनात.

"ते घोट माझे आहेत, वहिनी," ती म्हणाली. "नंतर घातलेत. हे पाणी मागत होते, हात वर करून मागत होते, आणि मी समोर उभी राहून आवाज काढत होते. मी यांना पाणी दिलं नाही."

वहिनींनी आधी आबांकडे पाहिलं. आबांनी डोळे खाली घातले, त्यावरून त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी उठून रेडिओ बंद केला. परत फिरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आवाजबाईने आठवडाभर आरशात पाहिलं होतं. किळसच होती ती, नुसती तिच्याबद्दलची नाही, नवऱ्याबद्दलचीही.

मग त्यांनी स्टीलची वाटी उचलली आणि आवाजबाईच्या पुढे धरली.

"मला तुमच्याकडे बघवत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण आता द्या."

त्या खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. आवाजबाईने वाटी घेतली. कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, कडेला दाबून जास्तीचं पाणी काढलं आणि आबांच्या खालच्या ओठावर ठेवला. ओठ खडबडीत, भेगाळलेला होता. सवयीने तिचा कान तिकडे लागला. काहीच ऐकू आलं नाही. कापूस ओठावरून फिरत होता, पाणी मुरत होतं आणि त्याला आवाज म्हणून नव्हताच.

आबांचा डावा हात चादरीवरून चार बोटं वर उचलला गेला. ती तिथल्या तिथे थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांनी ओठ किंचित उघडले होते. तिने कापूस पुन्हा वाटीत बुडवला.